रणपिसेला एक पाप हवं होतं

साल दोन हजार तेवीस. माझं वय बहात्तर, गुडघ्यांचं त्याहून जास्त. भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होतो, तर पहिल्या मजल्यावर रणपिसेने मला अडवलं आणि गंभीर तोंडाने विचारलं, "तावडे, तुमच्या आयुष्यात एखादं चांगलं पाप आहे का?"

मी पिशवी खाली ठेवली. असल्या प्रश्नाला हात मोकळे असलेले बरे.

सॅम्युएल रणपिसे माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. जोगेश्वरीच्या या सोसायटीत आम्ही एकाच वर्षी आलो. मी त्याला अरेतुरे करतो, तो मला अहोजाहो. तो सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता, मी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले. माझं शिक्षण चौथी, आणि त्यावरून कोणी कीव दाखवली की मी त्याच्याशी बोलणं सोडतो. रणपिसेने कधी दाखवली नाही. त्याला सगळीच माणसं सारखी सुधारण्यासारखी वाटतात.

त्यांच्या चर्चमागच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार ते सहा त्याचं मंडळ भरतं. तरुण मार्गदर्शन व लोकसेवा मंडळ. नाव एवढं लांब की बॅनर धरायला चार पोरं लागतात. एकदा जुहूला किनारा साफ करायला गेले, तर चौघं बॅनरला, दोघं फोटोला, एक पाणी वाटायला, आणि कचरा उचलायला राहिला रणपिसे. तरी पोरं गुणी. म्हाताऱ्यांसाठी इस्पितळात पहाटे रांग लावून केसपेपर काढतात, वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतात. प्रत्येक पोरामागे एक वडीलधारा मार्गदर्शक असावा असा नियम आहे. पोरं चौदा. मार्गदर्शक एकटा रणपिसे.

हा माणूस प्रार्थनासुद्धा अर्जासारखी करतो. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आला होता. खाटेशी डोळे मिटून म्हणाला, "हे प्रभू, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की श्री. तावडे यांच्या डाव्या डोळ्याबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." आणि मग जरा थांबून, "उजव्याबाबत स्वतंत्र अर्ज करण्यात येईल." नर्स हसून बाहेर गेली. डोळा मात्र झकास झाला, हे मला कबूल करायला आवडत नाही.

तर पाप. त्यांच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. माणसाने चारचौघांत उभं राहून सांगायचं की मी असा असा वाया गेलो होतो, देवाने हात दिला, आता बरा आहे. रणपिसेची अडचण अशी की त्याच्याकडे वाया गेलेलं कोणी येतच नाही. येतात ती सगळी आधीच बरी असलेली. एका मुलीने साक्ष दिली की बारावीच्या अभ्यासात ती मोबाईलवर सिरियल बघायची. एकाने आईला न सांगता केस रंगवले होते.

"यात देवाला काय काम उरलंय?" रणपिसे मला म्हणाला. "नोंद घ्या तावडे, पुढच्या रविवारी चर्चची कमिटी बसते आहे. शनिवारचा हॉल कीबोर्डच्या क्लासला द्यायचं घाटतंय. म्हणाले, तुमच्या मंडळाने आजवर कोणाचं आयुष्य बदललं, एक तरी दाखवा."

"मग मी कशाला? मी तुमच्यातला नाही."

"तुम्ही दारू सोडलीत ना? मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करत होतो."

"दारू मी लिव्हरमुळे सोडली. डॉक्टरने फोटो दाखवला."

"तेवढा भाग वगळा."

मी काही वगळणार नाही, असं सांगून पिशवी उचलली. माझी दारू मी प्यालो आणि मी सोडली. त्याचं श्रेय मी बायकोलाही दिलं नाही, देवाला कुठून देऊ?

रविवारी मात्र गेलो. घरात ही म्हणाली, "मेल्या माणसाचो शेजारी असल्यासारखे बसू नका, जावा." म्हणून गेलो. मागच्या खुर्चीवर बसलो. पुढे कमिटीची पाच माणसं, बाजूला पोरं आणि त्यांचे आईबाप.

रणपिसेने रूबेन नावाच्या पोराला तयार केलं होतं. कॉलेजात जाणारा, काडीसारखा मुलगा. कागद धरून तो वाचायला लागला, "मी वाईट संगतीत होतो. रात्र रात्र घराबाहेर असायचो."

त्याची आई एस्तेरबाई उठून उभी राहिली. "कुठली रात्र रे? सातच्या आत जेवायला बसतोस तू. कोणाची संगत? सांग की सगळ्यांना, म्हणजे मला पण कळेल."

हॉल हसला. मीही हसलो. रूबेन कागदामागे लपला. कमिटीचे अध्यक्ष घड्याळ बघू लागले.

तेव्हा रणपिसे उठला. "त्याला बसू द्या. तो कागद मी लिहिला." मग पोराच्या जागी जाऊन उभा राहिला. "सव्वीस वर्षांत मी स्वतः साक्ष दिली नाही. आज देतो."

मी वाट बघत होतो, उपरोक्त कधी येतं. आलं नाही.

"माझी मार्था गेली तेव्हा मी चव्वेचाळीसचा. शनिवारी दुपारी ऑफिसातून घरी यायचो. चार वाजायचे. त्या घरात चारला बसवायचं नाही. रविवारी चर्च असतं, इतर दिवशी ऑफिस. शनिवारी काही नाही. म्हणून मी बिल्डिंगमधली पोरं बोलावली, सांगितलं, देवाचं काम आहे. सेवा वगैरे नंतर सुचलं. तुमच्या पोरांना मी सुधारलं नाही. ती चांगलीच होती. मला कोणीतरी हवं होतं. सव्वीस वर्षं देवाचं नाव सांगून मी स्वतःची सोय केली. दुसरं पाप माझ्याकडे नाही."

आणि खाली बसला. एस्तेरबाई पदराने नाक पुसत होती. रूबेन जाऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

अध्यक्ष म्हणाले की भावनांचा कमिटी आदर करते. मग चहाच्या आधी त्यांनी हॉल कीबोर्डच्या क्लासला दिला.

घरी येताना रणपिसे एवढंच म्हणाला, "पोरांना सांगावं लागेल, पुढच्या शनिवारी येऊ नका." मला चटकन बोलता येत नाही, भांडण असेल तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरीसमोर बसलो. तळमजल्यावरची मोठी खोली मागितली. दर शनिवारी, चार ते सहा.

"रणपिसेंचं मंडळ ना?" तो म्हणाला. "काका, धार्मिक काही चालणार नाही हां."

"गणपतीत अकरा दिवस खोली कोण वापरतं?"

तो कागद चाळायला लागला. "आणि करणार काय तिथे?"

"बसणार."

"बसून काय करणार?"

"बसणार म्हटलं ना."

त्याने छापील अर्ज पुढे सरकवला. मी चष्मा लावला. लिहायला मला वेळ लागतो, आणि मी कोणाला लिहू देत नाही. नाव माझं घातलं. खोली कधीपासून, तिथे येता शनिवार लिहिला. कधीपर्यंत, ती जागा कोरी ठेवली आणि खाली सही केली.