कोळेकर सरांची चाळण

कोळेकर सरांना चहा आवडला की नाही, हे त्यांच्या तोंडून कधी कळायचं नाही. घोट घेऊन ते क्षणभर डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "कालच्याशी ब्याऐंशी टक्के जुळतो." कँटीनवाल्या मारुतीला आधी हे कौतुकच वाटायचं. एकदा "साठ टक्के" ऐकल्यावर मात्र तो गडबडला. "आवं सर, पर चांगला हाय का वाईट?"

सर म्हणाले, "ते मला विचारू नका. मी फक्त जुळतो का तेवढं सांगतो."

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात सर संख्याशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. मुलं जे दोन विषय नाइलाजाने घेतात, त्यांचे आम्ही दोघं मानकरी. राहायलाही शेजारी. सर एकटेच, चाळिशी उलटलेले. बदामी रंगाचा एकच शर्ट वर्षभर घालतात असं मला वाटायचं. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "कालच्याशी शंभर टक्के जुळतो, पाटील. पण तो नव्हे." त्यांच्याकडे तसले पाच होते.

माझ्या लग्नाचा अल्बम पाहून त्यांनी सांगितलं की हा तुमच्या भावाच्या अल्बमशी नव्वद टक्के जुळतो, नवरी सोडली तर. त्यातलं 'नवरी सोडली तर' एवढंच माझ्या बायकोने लक्षात ठेवलं आणि त्या दिवसापासून सरांकडे आमटीची वाटी जायला लागली.

नव्वदीच्या मध्यावर आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला. प्राचार्यांनी नारळ फोडला, पडद्याला कुंकवाचं बोट लावलं, दाराबाहेर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लावली आणि खोलीला कुलूप घातलं. वर्षभर त्या खोलीत काम करत होता तो फक्त एअरकंडिशनर. किल्ली मागायची छाती कुणाला झाली नाही. कोळेकर सरांनी मागितली.

"कशाला हवीय?" प्राचार्यांनी विचारलं.

"चोर पकडायला."

चोर म्हणजे तिसऱ्या वर्षाची मुलं. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाची पाहणी करून अहवाल लिहायचा, ही कॉलेजची पहिल्यापासूनची रीत. घरं किती, विहिरी किती, शिकलेले किती. घरोघर फिरून लिहायचं. फिरायचं कोणीच नाही. जुना अहवाल मिळवायचा, गावाचं नाव बदलायचं आणि सुबक अक्षरात उतरवून काढायचा. आम्हीही तो न वाचता खाली सही करायचो. त्यामुळे प्रामाणिकपणाच्या बाबतीत दोन्ही बाजू बरोबरीत होत्या.

त्या वर्षी सरांनी चुकून एक अहवाल वाचला. गाव कवठे महांकाळ तालुक्यातलं, जिथे उन्हाळ्यात टँकर येतो आणि पावसाळ्यातही येतो. अहवालात लिहिलं होतं की पावसाळ्यात धुक्यामुळे समोरचं घर दिसत नाही आणि गावाचं मुख्य पीक स्ट्रॉबेरी आहे.

सरांनी त्या पोराला बोलावलं. "स्ट्रॉबेरी बघितलीयस का कधी?"

"न्हाई, सर."

"मग लिहिलीस कशी?"

"सर, समद्यांनीच लिवलीय."

चौकशी केली तेव्हा कळलं की कैक वर्षांपूर्वी महाबळेश्वरकडचा एक मुलगा मामाकडे राहून आमच्याकडे शिकला होता. त्याने खरोखर आपल्या गावात फिरून अहवाल लिहिला होता. तेव्हापासून तो आदर्श ठरला आणि आमच्या दुष्काळी भागात कागदावर स्ट्रॉबेरीची लागवड दरसाल वाढत गेली.

सरांनी सांगलीहून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि तीन महिन्यांत प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं 'चाळण'. जुने सगळे अहवाल यंत्रात भरायचे, नवा अहवाल वर टाकायचा. सलग पाच शब्द कुठे सारखे आले की यंत्र ते टिपून ठेवणार आणि शेवटी टक्के सांगणार. मला ते ऐकूनच घाम फुटला. माझ्या वर्गातल्या नोट्स कुठल्या गाइडातून येतात ते मला माहीत होतं.

यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून मजकूर इंग्रजी अक्षरांत भरायचा. दिवाळीची सुट्टी आम्ही त्या गार खोलीत अनवाणी काढली. मी वाचायचो, सर दोन बोटांनी टाइप करायचे. पहिल्याच चाचणीत घोटाळा झाला. दोन अगदी सारखे अहवाल यंत्राने वेगळे ठरवले. कारण 'गाव' मधला आ एकात एका अक्षराने लिहिला होता आणि दुसऱ्यात दोन. सर दोन दिवस दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरं ताडून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळे स्वर गाळून टाकले.

"लबाडी स्वरांत असते, पाटील," ते म्हणाले. "व्यंजनं खोटं बोलत नाहीत." मग थोडा विचार करून त्यांनी 'ह'सुद्धा काढला. "नाहीतरी आपल्याकडं तो म्हणतो कोण?"

लायब्ररीच्या कपाटाच्या तळाशी एक पिवळी पडलेली फाइल सापडली. वर नाव होतं, कोळेकर बिरा लक्ष्मण. गाव करंजमाळ.

"हे तुम्ही?" मी विचारलं.

"द्या इकडं," ते म्हणाले आणि फाइल न उघडता टाइप करायला लागले. सात पानांचा अहवाल. मी एक शब्दही वाचून दाखवला नाही.

यंदाचे अहवाल मुलांनीच पाळीपाळीने येऊन टाइप करायचे, असा नियम सरांनी काढला. महिनाभर त्या दारापुढे चपलांचा ढीग असायचा. निकाल लागला तेव्हा एकतीसपैकी एकोणतीस जण साठ टक्क्यांच्या वर होते. उरलेल्या दोघांपैकी एकाने अहवाल दिलाच नव्हता. दुसऱ्याने चुकून बहिणीची रसायनशास्त्राची जर्नल जमा केली होती आणि ती इमानदारीने टाइपही केली होती.

प्राचार्य हादरले. "कोळेकर, सगळीच नापास केली तर कॉलेज काय आपल्या दोघांसाठी उघडायचं? तुमचं यंत्रच बिघडलेलं असणार." आणि यंत्राची परीक्षा म्हणून त्यांनी आपलं स्नेहसंमेलनाचं ताजं भाषण पुढे केलं. सरांनी ते मागच्या वार्षिकांकातल्या भाषणाशी जुळवलं. शहाण्णव टक्के. फरक फक्त पाहुण्यांच्या नावात.

प्राचार्य घसा खाकरून म्हणाले, "याला सातत्य म्हणतात." मग त्यांनी तोडगा काढला. सगळ्यांना सोडायचं, पण यादीत जो सगळ्यात वर असेल त्याचा अहवाल रद्द करायचा. वर्ष गेलं तरी चालेल, बाकीच्यांना धाक बसेल.

सगळ्यात वर होती शालन. सत्त्याण्णव टक्के. पडद्यावर जुळलेल्या फाइलचा नुसता क्रमांक आला होता, पण तो वाचून सरांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

शालन वर्गातली हुशार मुलगी. करंजमाळच्या बौद्धवस्तीतून रोज दोन एसट्या बदलून यायची. वर्ष वाया गेलं तर घरचे लगेच तिचं लग्न उरकणार, हे तिच्या मैत्रिणींनी मला आधीच येऊन सांगितलं होतं. सरांनी तिला कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं. मी होतोच.

"कुठून उतरवलास?"

"लायब्ररीच्या कपाटातनं, सर."

"कुणाचा अहवाल?"

"तुमचाच की."

सरांनी चष्मा सारखा केला. "उतरवला हे कबूल आहे तर."

"व्हय, कबूल हाय," शालन म्हणाली. "पर सर, मी आदी सगळी घरं फिरले. मग तुमचं वाचलं. तर सगळं तेच. रस्ता तोच, शाळेचं छप्पर तसंच. तुमी लिवलंय, 'गावाला नळयोजना मंजूर आहे.' आवं, अजून मंजूरच हाय! मग मी येगळं काय लिवू?"

तिने पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. घरागणिक एक पान. माणसं, जनावरं, शिक्षण, पाणी किती लांबून आणतात. सर पानं उलटत राहिले. अठ्ठावीस मुलांनी न फिरता लिहिलं होतं आणि शिक्षा होणार होती ती फिरलेल्या एकुलत्या एका मुलीला.

"तीन टक्के वेगळे आहेत ना?" मी म्हणालो. "ते काय आहे ते तरी बघू." मला वाटलं, त्यात तिला सोडवायला काहीतरी सापडेल.

सरांनी न जुळलेला मजकूर पडद्यावर आणला. ती बिनस्वरांची अक्षरं मला काही लागेनात. म्हणून मी दोन्ही कागद समोर धरले आणि मोठ्याने वाचलं. सरांच्या अहवालात होतं, 'गावात एकही पदवीधर नाही.' त्याच जागी शालनने लिहिलं होतं, 'गावातील एक गृहस्थ शिकून प्राध्यापक झाले. ते गावात येत नाहीत.'

वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय वाचलं ते.

सरांनी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या वैनींनी. तुमच्या घरात गेलते तवा."

शालन गेली. व्हरांड्यात सर चपला घालत होते. एका पायात घातली आणि दुसरी तशीच राहिली. "बारा वर्षं झाली," ते म्हणाले. पोरांना मेंढरांमागे पाठवू नकोस, माझ्याकडे शाळेला ठेव, असं त्यांनी थोरल्या भावाला सांगितलं होतं. तावातावाने, चारचौघांत. भाऊ म्हणाला होता, तू शिकलास आणि आम्हाला पारखा झालास, आता पोरंबी ने. "तो पुढं काही बोलला नाही, मीही नाही. मग बोलायचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना लेखी कळवलं की चाळणीत दोष आहे, तिच्यावरून कुणाला शिक्षा करू नये. उलट सर्वांनी आठवडाभर घरी जाऊन नव्याने पाहणी करावी, मात्र शालनची पाहणी ग्राह्य धरावी. चाळणीत दोष असल्याचं हे सरांचं आयुष्यातलं पहिलं खोटं विधान असावं. प्राचार्यांनी आनंदाने किल्ली परत घेतली आणि खोलीला पुन्हा कुलूप लागलं.

रविवारी सकाळी सर माझ्या दारात उभे. "पाटील, शालनच्या अहवालातली एक नोंद पडताळायची आहे. येता का सोबत?"

करंजमाळला उतरलो तेव्हा ठरल्याप्रमाणे शालन फाट्यावर वाट बघत होती. सर झपाझप चालले, पण घर दिसताच त्यांची पावलं मंदावली. ओट्यावर सरांसारखंच नाक असलेला एक म्हातारा लोकर विंचरत बसला होता. त्याने मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा लोकर विंचरायला लागला.

सर उभेच. मग त्यांनी पिशवीतून शालनची वही काढली आणि सरकारी माणसासारखा आवाज काढून म्हणाले, "पाहणीसाठी आलोय."

"इच्यार," भाऊ म्हणाला.

"घरात माणसं किती?"

भावाने हातातलं काम न थांबवता मोजलं. "मी, ही, दोन पोरं, थोरल्याची बायकू. सा."

सरांनी पेन्सिल टेकवली. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे पाच झाले."

"मला मोजता येतंय," भाऊ म्हणाला. "तुला धरून सा."

सरांनी वहीवर टेकवलेली पेन्सिल उचलली. मग त्यांनी वही आणि पेन्सिल शालनच्या हातात दिली.

"तूच लिही गं," ते म्हणाले. "मला आत बोलवतायत."

आणि उंबऱ्याशी वाकून ते आत गेले. आतून कुणी हाक मारलेली मला तरी ऐकू आली नव्हती.