चार हजार सह्यांचे अपहरण

आपल्या नावापुढे 'अन्वेषणमहर्षी' ही उपाधी मामांनी स्वतःच लावून घेतली होती. कारण ती प्रदान करण्यास पात्र असा दुसरा कोणी, त्यांच्या मते, हयातच नव्हता. "दृष्टी गरुडाची, घ्राणेंद्रिय श्वानाचे आणि स्मृती हत्तीची!" असा स्वतःचा परिचय ते प्रथम भेटीतच करून देत. एवढे प्राणी एकाच देहात नांदत असल्यामुळे माणसासाठी तेथे फारशी जागा उरली नसावी, असे त्यांच्या भाचीचे नम्र मत होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौतीस वर्षे त्यांनी हरवलेली पुस्तके शोधली. त्यांपैकी बहुतेक त्यांच्याच घरी सापडली, हा तपशील मात्र ते विनयापोटी वगळत.

त्या दुपारी भाचीने त्यांना बोलावले नव्हते. "घात झाला, मामा," एवढेच ती दूरध्वनीवर म्हणाली आणि तेवढ्यावर ते भिंग घेऊन रिक्षात बसले.

घात खरोखरच झाला होता. हवामानबदलावर दर वर्षी तीन परिसंवाद भरवणाऱ्या या विद्यापीठाचा स्थायी निधी कोळशाच्या आणि खनिज तेलाच्या कंपन्यांत सुखाने वाढत होता. रोग आणि त्यावरचे व्याख्यान यांची सोय एकाच छताखाली करणारी ही दूरदृष्टी अन्यत्र दुर्मीळच म्हणावी लागेल. तो निधी तेथून काढून घ्यावा म्हणून भाचीने मैत्रिणींसह वर्षभर उन्हातान्हात वर्गावर्गांतून, वसतिगृहांतून, आवारातल्या घराघरांतून, उपाहारगृहातून चार हजार सह्या गोळा केल्या होत्या. पानाला दहा, अशी चारशे पाने. आज चार वाजता कार्यकारी परिषद पुढील पाच वर्षांची गुंतवणूक ठरवणार होती. आज विषय निघाला नाही, तर तो पाच वर्षे निघणार नव्हता.

आणि पाने गायब होती.

"अर्ज मिळाला. पोचही दिली," कुलसचिव आपल्या दालनात शांतपणे म्हणाले. कोणत्याही गोष्टीची घाई म्हणून नव्हती त्यांना. "पाने मात्र सापडत नाहीत. नियम चोवीस सांगतो, सह्यांची पाने सभेपूर्वी सात दिवस प्रत्येक सभासदाच्या हाती पडली पाहिजेत. नाही पडली, तर विषय घेता येत नाही. मला फार वाईट वाटतं हो."

"वाईट वाटतंय तर शोधा ना!" भाची म्हणाली.

"शोधण्याबाबत नियम नाही."

"साहेब, तुम्ही ती ठेवली कुठे होती?"

कुलसचिवांनी टेबलाच्या कडेला असलेल्या पसरट ट्रेकडे बोट दाखवले. तिच्यावर 'नंतर पाहू' अशी सुबक अक्षरांत चिठ्ठी होती. ट्रे रिकामी होती.

मामांनी भिंग डोळ्याला लावले आणि ते ट्रेवर असे ओणवे झाले, जणू पुरातन ताम्रपटाचे वाचन चालले आहे. "अहाहा! काळी पूड! भाचे, हा कोळसा आहे. खाणमालकांचा हस्तक येथे येऊन गेला."

"मामा, पलीकडे झेरॉक्सचं मशीन आहे. त्याची पूड आहे ती."

"तुला तसं वाटावं, हीच त्यांची योजना." त्यांनी नाक वर केले. "आणि हा गंध? खनिज तेल! म्हणजे दोन्ही उद्योगांनी हातमिळवणी केली आहे. प्रकरण आंतरराष्ट्रीय आहे."

"सकाळी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलंय," कुलसचिव म्हणाले. "कुरकुरत होत्या."

"कोणी घातलं?"

"सुतारानं."

"सुतार!" मामांनी वहीत नोंद केली. "लाकूड, कोळसा. दुवा स्पष्ट आहे."

पुढील दोन तासांत मामांनी सुताराची उलटतपासणी घेतली, तेव्हा त्याने त्यांच्या चपलेचा सुटलेला अंगठा विनामूल्य ठोकून दिला. भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना 'खडकांशी असलेले आपले संबंध' उघड करण्यास बजावले. आणि घड्याळात साडेतीन वाजले. भाची जिन्याच्या पायरीवर बसून होती. तिला ती पाने एकेक आठवत होती. कोणी हसून सही केली होती, कोणी तासभर वाद घालून.

"रडायचं नाही," मामा तिच्याशेजारी टेकत म्हणाले. "गुन्हेगार मला कळला आहे."

"कोण?"

"सभागृहात सर्वांसमक्ष सांगेन. एकटीला सांगण्यात मजा नाही."

परिषदेचे एकवीस सभासद आपापली विषयपत्रिका समोर ठेवून स्थानापन्न झाले होते, कुलगुरू चष्मा पुसत होते आणि चहाच्या मावशी कप मांडत होत्या, त्या क्षणी मामा आत शिरले. पाठोपाठ त्यांना आवरायला भाची.

"सज्जनहो! अपहरणकर्ता याच दालनात आहे. तो नियमांचा ज्ञाता आहे, त्याच्या दाराला तेल आहे आणि त्याचं नाव..."

"अगं बाई, ही माझी सही!"

मामांचा हात हवेतच राहिला. एका सभासदाच्या कागदांवर चहा सांडला होता. तो टिपण्यासाठी मावशींनी पान उचलून उलटे केले होते आणि आता त्या त्याकडे टक लावून पाहत होत्या.

"ही बघ गं पोरी. तू उपाहारगृहात आली होतीस ना? पेन उलटं धरलं म्हणून तू मला हसलीस. साक्षरता वर्गानंतर पूर्ण नाव मी पहिल्यांदा तेव्हाच लिहिलंय, ओळखणार नाही होय?"

भाचीने पान हातात घेतले. पुढे विषयपत्रिका. मागे दहा सह्या. तिने शेजारचे पान उलटले, मग त्यापुढचे.

झेरॉक्सवाल्याला पाचारण करण्यात आले. तो निरागसपणे म्हणाला, "परिपत्रक आहे ना, पर्यावरणासाठी पाठकोरे कागद वापरा म्हणून. ते मी साहेबांच्या 'नंतर पाहू'मधून घेतो. त्यातलं कधी कोणी पाहत नाही, सगळ्या ऑफिसला माहीत आहे. एकवीस जणांना एकोणीस-एकोणीस पानं. एक उरलं, त्यावर ते परिपत्रकच छापलं."

कुलगुरूंनी चष्मा चढवला. "पत्रिका केव्हा पाठवलीत?"

"नऊ दिवसांपूर्वी," कुलसचिव क्षीण स्वरात म्हणाले.

"सर्वांना?"

"पोच घेऊन. सर्वांना."

"सोबत तुमचं पत्रही आहे. 'जोडलेले प्रत्येक पान काळजीपूर्वक वाचावे, ही विनंती.' खाली सही तुमचीच ना?" कुलगुरूंनी पान उलटले आणि बराच वेळ ते खालच्या एका सहीवर थांबले. "आणि ही माझ्या आईची. घरात मला एक शब्द बोलली नाही." ते खुर्चीत सरसावून बसले. "नियम चोवीसचं एवढं कडक पालन या सभागृहात पूर्वी झालेलं मला आठवत नाही. विषय घ्या."

चर्चा पावणेदोन तास चालली. तेलाच्या बाजूने बोलणारेही आपल्यासमोरची पाने मधूनमधून उलटून पाहत होते आणि ओळखीचे अक्षर दिसले की त्यांचा आवाज थोडा उतरत होता. अखेर हात वर झाले. बारा विरुद्ध नऊ. दोन वर्षांत सारा निधी काढून घेण्याचे ठरले.

"मी पहिल्यापासून काळी पूड, काळी पूड म्हणत होतो," मामा बाहेर येताच म्हणाले.

"हो मामा."

"मावशींनी केवळ दुजोरा दिला."

"हो मामा." तिने त्यांचा हात घट्ट धरला होता, डोळे पुसायला दुसरा होता.

तेवढ्यात झेरॉक्सवाला ठरावाचा मसुदा घेऊन धावत आला. "ताई, साहेबांनी तुम्हालाच विचारायला सांगितलंय. हा ठराव छापू कशावर?"

"दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदावर," ती म्हणाली. "आणि मी इथंच उभी आहे."