वानखडे काकांची शिट्टी

आमच्या गल्लीत शिट्टी वाजली की समजावं, कोणीतरी जळलं.

शिट्टी वाजवतात ते आमच्या शेजारचे वानखडे काका. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात ते कामगारांकडून आगीचा सराव करून घेत. आग लागली असं समजून पळायचं, चुकला तो 'जळला', की शिट्टी. काका रिटायर झाले, पण सराव सुटला नाही. आता ते गल्लीला फोनवरच्या चोरांचा सराव देतात. आधी ज्याचा सराव त्याच्या मोबाइलवर चार आकडे पाठवतात. मग ओट्यावर बसून, तोंडाला दुपट्टा लावून फोन करतात, "म्याडम, ब्यांकेतून बोलून राहिलो. तुमचं खातं बंद होते. आलेला नंबर सांगा लवकर." सांगितला की माणूस जळला. शिट्टी वाजते आणि ओट्यावरच्या फळ्यावर नावापुढे फुली पडते.

मी तीनदा जळले. काका खिडकीतून समोर दिसत होते, तरी सांगितला. मोठ्या माणसाला नाही म्हणताना माझी जीभच वळत नाही.

"सुनबाई, नाई म्हनायले काय ताकद लागते?" काका म्हणाले. "पन घाबरू नोको. सरावात जळलं तं चालते. त्याच्यासाठीच तं सराव असते."

चौथ्यांदा मी नाही म्हटलं आणि घामाघूम झाले. काकांनी गल्लीभर गूळ-शेंगदाणे वाटले.

फळ्यावर पहिलं नाव काकूंचं. त्याच्यापुढे काहीच नाही. काकूंनी एकदा खऱ्या चोराला नंबर सांगितला होता. तेव्हा काका सगळ्यांसमोर ओरडले, "अक्कल हाये का तुले?" त्या दिवसापासून काकूंनी फोनला हात लावला नाही. काका तो रोज स्वतः चार्ज करून त्यांच्याजवळ ठेवतात आणि दुपारी चारला ओट्यावरून लावतात. फोन वाजतो, थांबतो. काका खडू हातात धरून बसून राहतात.

परवा मी काकूंकडे तुरीच्या शेंगा सोलत होते. चारला फोन वाजला. काकूंची मान खालीच.

मी कसंबसं म्हटलं, "काकू, मी तीनदा जळली. काका एकदाबी रागावले नाई."

"मंग मलेच कावून बोलले?"

फोन वाजतच होता. काकूंनी पदराला हात पुसले आणि तो उचलला.

"कोन?"

"म्याडम... ब्यांकेतून..." काकांचा तो साहेबी आवाज कुठे गेला कोण जाणे. "नंबर... सांगता काय?"

"नाई सांगत," काकू म्हणाल्या. "अन् पुन्हा लोकायसमोर बोलान, तं चहाबी नाई भेटनार."

मग शिट्टी वाजली, लांबलचक. लोक दारात आले. "कोन जळलं, काका?"

काका दुपट्ट्याने तोंड पुसत होते.

"मी," ते म्हणाले, आणि फळ्यावर सगळ्यांत खाली स्वतःचं नाव लिहून फुली मारली.