बोटभर बाहेर

लालबागच्या आमच्या चाळीतले परबकाका कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले की नमस्कार-चमत्कार करत नाहीत. पिशवीतून जुन्या रेकॉर्डचं कव्हर काढतात, दिसेल त्या स्कॅनरच्या काचेवर ठेवतात आणि ओरडतात, "बघ! बोटभर बाहेर!"

बाहेर राहतंच. स्कॅनर कागदाच्या मापाचे. कव्हर चौकोनी, फुटाहून जरासं मोठं.

"काका, दोनदा स्कॅन करा, कॉम्प्युटर जोडतो," एक दुकानदार म्हणाला.

"जोडतो? गोधडी हा काय ती?"

"मग मोबाइलवर फोटो काढा."

"फोटो तुझ्या लग्नात काढ, मेल्या! चौकोन वाकडो येता."

मलाही संताप यायचा. एके काळी घराघरात असलेल्या वस्तूच्या मापाचं साधं यंत्र मिळू नये? मिळतं, पण ते कपाटाएवढं. चाळीत ते ठेवायचं तर माणसांनी गॅलरीत झोपायचं!

अखेर मोठ्या कागदाचा ए-थ्री स्कॅनर मीच निवडून दिला. लांबी पाहिली, रुंदी पाहिलीच नाही. पुन्हा बोटभर बाहेर! काका रोज कंपनीला फोन लावायचे. "तुमच्यात फूटपट्टी नसता काय?" मी शेजारी बसून मान डोलवायचो. चूक माझी, शिव्या फोनवरच्या मुलीला. मी मुळात कमी बोलतो.

एका दुपारी कबूल करायचंच म्हणून काकांच्या खोलीवर गेलो. काकू खाटेवर बसल्या होत्या. त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. पण कव्हर हातात दिलं की त्या रेकॉर्डमधलं गाणं म्हणतात. हाताळून पुठ्ठे फाटत आलेले, म्हणून काकांना त्याच मापाच्या नकला हव्या होत्या.

मी निवडलेल्या स्कॅनरवरून काढलेली नक्कल काकांनी काकूंना दिली. तिच्यावर एका गाणाऱ्या बाईचा चेहरा. काकूंनी तो न्याहाळला.

"हिच्या कानातली कुडी खंय गेली?" म्हणाल्या आणि नक्कल बाजूला ठेवली. गाणं आलंच नाही.

"काका, स्कॅनर निवडताना मीच चुकलो. कंपनीचा दोष नाही."

"माका म्हायत हा," काका म्हणाले. "पण तुझ्यार ओरडलंय तर तू येवचंस नाय. मगे मी बोलू कोणाशी?"

मग त्यांनी मूळ कव्हर काकूंच्या हातात दिलं. फाटका कोपरा तेवढा खालून स्वतः धरून ठेवला, गाणं संपेपर्यंत.