बापूंचा चौथा डबा

बापूंच्या मैदानावर चेंडू मिरचीत गेला, तर तो नाक धरूनच काढावा लागतो. साहेबलोकांच्या गोल्फ मैदानात अशा जागी वाळूचे खड्डे असतात म्हणे. आमच्या कोरीट गावच्या बापूंनी वाळत टाकलेल्या लाल मिरचीवर काम भागवलं. मी गावच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो आणि पहिल्यांदा खेळलो तेव्हा चेंडू मिरचीत, मी चेंडूमागे आणि मग नुसत्या शिंका. बापू बांधावर बसून खूश.

"आते हाई ग्राउंड तुम्हना ध्यानमा ऱ्हाई, सर!"

राहिलं. अजून फोडणीचा ठसका लागला की मला ते मैदान आठवतं.

बापूंनी उभी हयात वापीला एका साहेबाची गाडी चालवली. साहेब दर रविवारी गोल्फ खेळायचे आणि बापू झाडाखाली बसून बघायचे. निवृत्त होऊन गावी आले ते साहेबांच्या तीन जुन्या काठ्या आणि डोक्यात अख्खं मैदान घेऊन. वाटणीत आलेल्या मुरमाड तुकड्यात कुसळांखेरीज काही उगवत नव्हतं, तिथे त्यांनी वनस्पती तुपाचे रिकामे डबे पुरले. म्हणून आमच्याकडे पहिलं भोक, दुसरं भोक असं म्हणत नाहीत. पहिला डबा, दुसरा डबा. गवत कापायला शेळ्या आहेत. दुसऱ्या डब्यापाशी लांब दोराने म्हैस बांधलेली असते, कारण बापूंच्या मते अडचण हलती असली की मजा वाढते.

मैदान कसं असावं, यावर ते कुणालाही धरून ऐकवतात. लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणाही सुटत नाही. "भित्रासाठे एक वाट जोयजे, हावरासाठे एक. हावरा मिरचीवरथीन जाई, भित्रा म्हैसना मांगथीन. दोन्हीसले वाटाले जोयजे, आपलंच खरं शे!" पाचव्या डब्यापाशी सातपुडा दिसतो. तिथे ते आधी चेंडू मारूच देत नाहीत. "पहिले डोंगर देखा!"

या मैदानाचं एकच दुखणं होतं, चौथा डबा. उतार असा की कितीही जपून मारा, चेंडू घरंगळत बांधापलीकडच्या कपाशीत जायचा. ती कपाशी जिभाऊंची. जिभाऊ म्हणजे बापूंचे सख्खे थोरले भाऊ. बांधावरचा निंब कुणी तोडला, यावरून दोघांची बोलचाल बंद झाली होती. पंगतीत समोरासमोर बसले तरी एकमेकांकडे बघत नसत. पण चेंडू गेला की बापू हवेला सांगितल्यासारखं ओरडायचे, "चेंडू उना तठे!"

पलीकडून उत्तर यायचं, "येडा व्हई गया का रे? कापूस मोडी टाकसी मन्हा!" पाठोपाठ चेंडू यायचा, थेट बापूंच्या टाळक्याच्या दिशेने. दिवसभर हे चालू.

दिवाळीला माझा मेहुणा पुण्याहून आला. हा खरोखरचा गोल्फ खेळतो, त्याचे बूटसुद्धा वेगळे. तो मिरचीत शिंकला, म्हशीने त्याची टोपी चाटली, पाचव्या डब्यापाशी तो चेंडू विसरून डोंगरच बघत बसला. मग म्हणाला, "दाजी, इतकं मजेचं मैदान मी पाहिलं नाही. फक्त तो चौथा डबा म्हणजे खेळणाऱ्यावर अन्याय आहे."

बापू नंदुरबारला बाजाराला गेले होते. तेवढ्यात या पठ्ठ्याने फावडं घेऊन बांधाच्या कडेला मातीची पाळ घातली. संध्याकाळी बापूंनी चेंडू मारला. तो पाळीला थटून वळला आणि टण्णकन डब्यात पडला. आम्ही टाळ्या पिटल्या.

"चांगलं व्हयनं," बापू म्हणाले. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

मेहुणा पुण्याला परतला. बापू आता चौथा डबा सोडायलाच तयार नव्हते. तिरपं मारलं, उलटं मारलं, एकदा तर डोळे मिटून मारलं. पाळ इमानेइतबारे प्रत्येक चेंडू डब्यात घालत होती.

"मन्हा हातच बिघडना, सर," ते कळवळून म्हणाले.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. भावाच्या चार शिव्या कानावर पडाव्यात म्हणून हा माणूस दिवसभर उन्हात चेंडू हाणत होता, आणि आमच्या मेहुण्याने नेमकी तीच वाट बुजवली होती. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "बापू, हातानेच टाका की एखादा पलीकडे."

बापू भडकले. "खेळले काही नियम शे का नही?"

मग एका सकाळी पाळीपलीकडे पांढरी टोपी दिसली. जिभाऊ. बापूंनी उगारलेली काठी तशीच वर राहिली.

"काब रे बापू, तब्येत बरी शे ना तुन्ही?"

बापूंनी नुसती मान हलवली.

"मंग चेंडू काब येत नही? कापूसमा देखी देखी मान मोडी गयी मन्ही!"

बापूंनी पाळीकडे बोट दाखवलं आणि उपरण्यात तोंड खुपसून ढसाढसा रडायला लागले.

"हाई कोना येडानं काम शे?" जिभाऊंनी मला विचारलं. सासुरवाडीची अब्रू राखायची म्हणून मी नाव न सांगता पळत जाऊन फावडं आणलं. जिभाऊंनी ते माझ्या हातातून घेतलं. ते माती उकरत होते आणि बापू हातांनी ती मागे ओढत होते. पाळ सपाट झाल्यावर जिभाऊंनी कमरेवर हात ठेवून उतार नीट निरखला.

"बापू," ते म्हणाले, "ढाळ मन्हाकडे जरा जास्तीच ठेव."