उतारावर पायी

आमच्या राइट टाउनच्या गल्लीतले दिगूकाका मदन महालच्या टेकडीचा चढ सायकलवर चढतात आणि उतार पायी उतरतात. गाय घरी आणावी तशी सायकल शेजारी घेऊन, सावकाश.

वय एकाहत्तर. सायकल काळी, बिनागियरची, चांगलीच जड. माझ्याकडे एकवीस गियर, हेल्मेट, घट्ट चड्डी आणि हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ असा सगळा सरंजाम. पहिल्याच रविवारी अर्ध्या चढावर मी खडकाला टेकून बसलो होतो. घड्याळात पाहायची हिंमत नव्हती. शेजारून काका गेले. गुडघा कटकट वाजत होता, मानेची शीर टरारली होती, पण पॅडल थांबत नव्हतं.

"गियर मांडीत पाहिजे, भैया," एवढंच म्हणाले.

मागाहून कळलं की या चढावर काकांनी आजवर एकदाही पाय टेकलेला नाही.

मग उतारावर पायी काहून? मला वाटलं, ब्रेक गेले असतील. काकांना न सांगता सायकलच्या मिस्त्रीला दाखवले, तर तो हसला. "भैया, इनका रबर तो घिसा ही नहीं।"

काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "चढ आपला असते. उतारावर सायकल आपल्याला नेते, त्यात आपलं काय?" सगळ्या गल्लीला हे पाठ होतं आणि मलाही पटलं होतं.

एकदा मीही त्यांच्यासोबत पायी उतरलो. काका पुटपुटत होते, "माकडीण, पिल्लं दोन. पळसाला फूल नाही अजून. मोठ्या खडकावर ऊन."

"काय चाललंय, काका?"

"डोक्यात ओळीने लावून ठेवून राहिलो. सुसाट खाली आलो तर अर्धं वाटेतच सांडून जाते. काकूला सांगायचं असते ना."

टेकडी मुळात काकूंची. त्या रोज पायी चढायच्या. चार वर्षांपूर्वी पडल्या, तेव्हापासून पलंगावरच.

"फोटो काढून न्या की."

"फोटोला दम लागत नाही, भैया. तिला सगळं दमासकट पाहिजे."

या हिवाळ्यात काका तापाने तीन आठवडे झोपून होते. उठले ते गालफडं बसलेले, पण डॉक्टरांनी हो म्हणताच सायकल काढली. मी सोबत निघालो.

"वर नाही पोचलो तर तिला काय सांगू?"

"पोचलो म्हणून सांगा. त्यांना काय कळणार?"

चढाच्या पायथ्याशी काका थांबले. "एकदा खोटं सांगितलं ना, की मागचं सगळंही खोटं होते."



चिंचेच्या वळणावर पुढचं चाक डगमगलं. काका सीटवरून उठले, एक पॅडल मारलं, दुसरं अर्धं. आणि पाय टेकला. मला तिकडे पाहवेना. सायकल खाली वळवून ते "चलो" म्हणाले. उतारावर ओठ हलत नव्हते.

घरी काकूंनी नेहमीसारखं विचारलं, "आलात? सांगा."

काका दारातच उभे राहिले. "आज चिंचेपाशी पाय टेकला, सुधा. वर नाही गेलो."

काकूंनी मान दाराकडे वळवली.

"मला तिथेच दम लागायचा," त्या म्हणाल्या. "रोज बसायची मी त्या चिंचेखाली. तुम्ही कधी थांबलेच नाही, तर सांगणार कुठून? काय दिसलं तिथून?"

"मान खाली होती. पाहिलंच नाही."

"मग उद्या तिथपर्यंतच जा. नीट पाहून या."

दुसऱ्या दिवशी काका चिंचेखाली चांगला अर्धा तास बसले. एवढे दिवस मी फक्त त्यांच्या मांडीतल्या गियरचं कौतुक करत होतो, त्याची मला लाज वाटली. उतरताना त्यांचे ओठ सारखे हलत होते. मध्ये बोलून काही सांडायला नको म्हणून मी चार पावलं मागे राहिलो, माझी सायकल हातात धरून.