सातवी ‘ब’चा लक्षदिवा

“माझ्या वर्गात हा दिवा लाल झाला ना, तर मिशी उतरवीन!” परीक्षानळी सरांनी भर स्टाफरूममध्ये जाहीर केलं आणि गणिताच्या बाईंनी ते ऐकून ठेवलं. गणिताच्या बाई एकदा ऐकलेलं विसरत नाहीत, हे सरांना ठाऊक होतं. पण जोशात आलेल्या माणसाला कुठला आलाय मागचापुढचा विचार!

सर विज्ञान शिकवायचे. उंच, सरळसोट आणि इतके काटकुळे, की मुलांनी दुसरं काही नाव ठेवलं असतं तर तो विज्ञानाचा अपमान झाला असता. त्या सगळ्या देहावर भरघोस अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मिशी. तेव्हा पैज काही साधीसुधी नव्हती.

दिवा आणला होता मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी. प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक कॅमेरा बसवला आणि बाजूच्या भिंतीवर, खिडकीच्या डोक्यावर, एक दिवा. मुलांची तोंडं समोर असली की यंत्र समजणार, मुलांचं लक्ष आहे. दिवा हिरवा! तोंडं इकडेतिकडे झाली की लक्ष उडालं. दिवा लाल! वर मोठ्या बाईंच्या खोलीत सगळ्या वर्गांचे दिवे एका पाटीवर दिसणार. आणि महिनाअखेर ज्याचा दिवा जास्त लाल, त्याचा तास पडद्यावरचे सर घेणार. रेकॉर्ड केलेले धडे तयारच होते. खऱ्या सरांनी फक्त बटण दाबायचं आणि मागच्या बाकावर बसून शांतता राखायची.

“उभा जन्म शिकवण्यात गेला माझा,” सर घरी बायकोला म्हणाले. “मी काय बटण दाबायला शिकलो?”

“घरातलं एक बटण कधी वेळेवर बंद केलंय तुम्ही?” बायको म्हणाली. “तिथे तरी दाबा.”

पहिल्याच दिवशी सर वर्गात शिरले, ‘बाष्पीभवन’ म्हणाले आणि दिवा हिरवागार! सर खूश. मुलंही खूश. इतकी खूश, की दिवा हिरवा झालाय का हे बघायला अख्खा वर्ग खिडकीकडे वळला. तोंडं वळली म्हणताच दिवा लाल!

“लाल झाला! सर, लाल झाला!” मुलं ओरडली आणि आणखी निरखून बघू लागली. बघतायत म्हणून लाल, लाल म्हणून बघतायत! आता यातून सुटका कशी व्हायची, तुम्हीच सांगा.

“दिव्याकडे बघू नका!” सर गरजले आणि कुठे बघायचं नाही ते कळावं म्हणून हात लांब करून दिवा दाखवला. मग तर खुद्द सरही दिव्याकडेच बघत होते. इतक्यात शिपाई धापा टाकत आला.

“मोठ्या बाई विचारतायत, वर्गात साप निघालाय का?”

स्टाफरूममध्ये गणिताच्या बाईंनी टेबलावर एक कात्री ठेवली. “पहिला दिवस धरायचा नसतो,” सर म्हणाले. “महिनाअखेर काय ते बोला.”

मग त्यांनी यंत्र बसवणाऱ्याला गाठलं. “अहो, मुलं वहीत लिहितात तेव्हाही तुमचा दिवा लाल होतो!”

“खाली बघितलं की लक्ष नाही, सर.”

“मी सांगतो तेच लिहितायत ती!”

“बरोबर आहे. पण यंत्राला तोंड लागतं.”

“आणि एखादं मूल विचार करायला म्हणून वर आढ्याकडे बघायला लागलं तर?”

“तसं नका करू देऊ, सर,” तो काळजीने म्हणाला.

हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड झालं होतं. पण करता काय? सरांनी वह्या बंद केल्या. पुस्तकं मिटली. शेजाऱ्याशी बोलणं तर नाहीच, पण शेजाऱ्याचं उत्तर ऐकायला मान वळवायचीही बंदी. तरी दिवा तासातून चारदा लाल व्हायचाच. सरांची झोप उडाली, आणि मुलांना खरोखर त्यांची दया आली. एके दिवशी शेवटून दुसऱ्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली.

“सर, आम्ही ठरवलंय. सगळ्यांनी तुमच्या मिशीकडे बघायचं. ती हलते, त्यामुळे कंटाळा येत नाही.”

आणि काय सांगू! त्या दिवसापासून सातवी ‘ब’ म्हणजे नुसतं हिरवं कुरण! सर डावीकडे गेले की सगळ्या माना डावीकडे, उजवीकडे आले की उजवीकडे. पापणीसुद्धा लवत नव्हती. मोठ्या बाईंनी सभेत सरांचं कौतुक केलं. गणिताच्या बाईंनी कात्री पर्समध्ये परत ठेवली. सरांनी मिशीला पीळ दिला.

आठवड्याने त्यांनी सहज विचारलं, “सांगा बरं, ओले कपडे उन्हात का वाळतात?”

सगळे डोळे मिशीवर.

“अगं, तू सांग.”

चष्मेवाली उठली. “सर, ते नाही माहीत. पण तुमच्या मिशीत डावीकडे एक पांढरा केस आलाय. सोमवारी नव्हता.”

सर मटकन खुर्चीत बसले. इतकं लक्ष त्यांच्याकडे आजवर कोणी दिलं नव्हतं, आणि इतकं कमी त्यांनी आजवर कधी शिकवलं नव्हतं. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. दिवा मात्र हिरवा होता.

महिनाअखेरीला मोठ्या बाई संस्थेच्या अध्यक्षांना घेऊन आल्या. “हा आमचा आदर्श वर्ग. आज यांचा तास बघायचा आणि मग पडद्यावरचे सर कुणाच्या वर्गाला द्यायचे ते ठरवायचं.” पाहुणे मागे बसले. सरांना फक्त उभं राहून मिशी हलवायची होती. बस! तेवढं केलं असतं तर गंगेत घोडं न्हालं असतं.

पण समोर ते टक लावलेले, कोरे करकरीत डोळे बघून सर मिशी सोडून टेबलाकडे वळले. टेबलावर शोभेला म्हणून त्यांनी तेलाचा रिकामा डबा, स्पिरिटचा दिवा आणि पाण्याची बादली मांडली होती. हवेच्या दाबाचा प्रयोग. डब्यात थोडं पाणी उकळायचं, वाफेने हवा बाहेर घालवायची, झाकण घट्ट लावायचं आणि वरून गार पाणी ओतायचं, की बाहेरची हवा डबा चेपते. पुस्तकात चेपते. सरांच्या हातून आजवर एकही डबा चेपला नव्हता. झाकण गळायचं, घंटा व्हायची, मुलं हसायची.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. सरांनी डबा तापवला. वाफ आली. झाकण लावलं. पाणी ओतलं.

कडाड! धडाम!

अदृश्य पहिलवानाने मूठ आवळावी तसा डबा सगळ्यांदेखत चेपला! मग अख्खा वर्ग बाकांवरून उड्या मारत टेबलाभोवती गोळा झाला. पाठीवर पाठ, डोक्यावर डोकं. “मला बघू दे! कोणी दाबला? सर, परत!” आणि त्या गलक्यातून चष्मेवालीचा आवाज आला, “सर, हवा एवढी दाबते, तर मग आपण का नाही चेपत?”

सरांचे डोळे भरून आले. याच प्रश्नाची ते नोकरीला लागल्यापासून वाट बघत होते! त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि खिडकीच्या डोक्यावर दिवा लालभडक होऊन चक्क बोंबलायला लागला. वर्गात यंत्राला एकही तोंड सापडत नव्हतं.

“किती छान चाललं होतं हो,” अध्यक्ष हळहळले. “आणि मध्येच मुलांचं लक्ष उडालं.”

“अहो, उडालं नाही, आत्ता कुठे लागलं!” सर कळवळून म्हणाले.

“सर,” मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, “दिवा बघा.”

त्या संध्याकाळी सरांनी दार वाजवलं तेव्हा बायकोने फटीतून विचारलं, “कोण हवंय आपल्याला?” गणिताच्या बाईंनी “अहो, मी गंमत करत होते,” असं दहादा सांगितलं होतं. पण सर शब्दाचे पक्के.

दिवा अध्यक्षांदेखत लाल झाला म्हणून पडदा सातवी ‘ब’लाच मिळाला. सोमवारी सरांनी बटण दाबलं आणि ते मागच्या बाकावर, चष्मेवालीच्या पाठीमागे, गुडघे दुमडून बसले. दिव्याने आता मुलांबरोबर सरांचाही चेहरा मोजायचा, असं ठरलं होतं. पडद्यावर भांग चोपून बसवलेले सर आले आणि गोड आवाजात हवेचा दाब सांगू लागले. चेपलेल्या डब्याचं चित्र आलं आणि गेलं. “समजलं ना, मुलांनो?” ते म्हणाले आणि थांबले.

“हो!” मुलांनी समोर बघत सांगितलं.

‘नाही समजलं!’ सरांना ओरडावंसं वाटलं. तिचा प्रश्न तसाच राहिला होता. त्यांना राहवेना. ते पुढे वाकले, मान वळवून तिच्या कानाशी आले आणि कुजबुजले, “अगं, आपण चेपत नाही, कारण आपल्या आतूनही तेवढाच दाब...”

खिडकीवर लाल उजेड पडला.

चष्मेवालीने मान जराही हलवली नाही. ओठही जेमतेम हलवले.

“सर, समोर बघा ना. तुमच्यामुळे आमचा दिवा लाल होतोय.”

सरांनी समोर बघितलं. दिवा हिरवा झाला.